पप्पांच्या कॉम्प्युटरवर रोज नवीन अँटीव्हायरस ओरडतोय, खरा का बोगस? फॉरमॅट न मारता काढता येईल का?

स्नेहा_नाशिकरोड:

पप्पांच्या डेस्कटॉपचा घोळ झालाय, जरा मदत हवीये. विंडोज १० आहे, एमजी रोडवरून असेंबल करून घेतलेला, जुनाच. पप्पा प्रेसमधून रिटायर झालेत आणि आता सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, म्हणजे मेंटेनन्सचा सगळा हिशोब एक्सेलमध्ये, वर निफाडच्या वावराचा सातबारा काढायचा, बँकेत एफडी बघायची, भजनांच्या पीडीएफ उतरवायच्या, एवढाच वापर.

आता होतंय असं की खाली उजव्या कोपऱ्यात सारखे लाल डबे येतात, "तुमचं सबस्क्रिप्शन आज संपलं", "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे" वगैरे, त्यावर एका नामांकित अँटीव्हायरसचा लोगो पण असतो जो आम्ही कधी घेतलेलाच नाही. दुसरं म्हणजे मशीन चालू केल्या केल्या एक विंडो आपोआप उघडते, ढालीचं चित्र, नाव पीसी अमुक प्रोटेक्ट टाइपचं, पट्टी भराभर सरकते आणि १,२८४ धोके सापडले म्हणून लाल अक्षरात येतं, "दुरुस्त करा" दाबलं की २,४९९ रुपये मागतं. आणि परवा तर अख्खा स्क्रीन निळा होऊन एक बाई इंग्लिशमध्ये बोलायला लागली, कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा, आई देवघरातून पळत आली बघायला की कोण आलंय.

गल्लीतला रिपेअरवाला म्हणतो विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल, १,२०० रुपये, डेटाची गॅरंटी नाही. हिशोबाच्या फाइल्स गेल्या तर एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, पप्पांचं काही खरं नाही. फॉरमॅट न मारता निघेल का? आणि मुळात खरं अँटीव्हायरस कुठलं, बोगस कुठलं हे ओळखायचं कसं?

हो, आणि पप्पांनी ते २,४९९ भरलेत. डेबिट कार्डने. हे आज कळलं.

गंगापूररोडचा_नित्या:

बोगस आहे, डोळे झाकून सांगतो. पण तू जे लिहिलंयस ना त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक नेमके इथेच गंडतात, तिघांना मिळून व्हायरस म्हणतात आणि फॉरमॅटला देतात.

कोपऱ्यातले लाल डबे हे बहुतेक ब्राउजरची नोटिफिकेशन्स असणार. नीट वाकून बघ, डब्यात खाली बारीक अक्षरात क्रोम असं लिहिलेलं असेल आणि शेजारी कुठल्यातरी चित्रविचित्र साइटचं नाव. म्हणजे पप्पा कधीतरी पीडीएफच्या साइटवर गेले, तिथे "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाव दाबा" आलं आणि त्यांनी दाबलं, बास. त्या साइटला आता वाटेल तेव्हा तुमच्या स्क्रीनवर चिठ्ठी टाकायची परवानगी मिळालीये. कॉम्प्युटरमध्ये काहीच घुसलेलं नसतं, लोगो तर काय कोणीही चिकटवतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे अलाव केलेल्यांची यादी दिसेल, जे ओळखीचं नाही ते सगळं रिमूव्ह. आणि वरती साइट्सना परवानगी मागूच देऊ नका असा पर्याय आहे तोच निवडून ठेव, पप्पांना कुठल्याच साइटच्या नोटिफिकेशनची गरज नाहीये.

निळा स्क्रीन नि बोलणारी बाई ही नुसती वेबसाइट. फुल स्क्रीन केलेली. एस्केप दाबून धरायचं, नाही गेलं तर ऑल्ट एफ४, तरी नाही तर कंट्रोल शिफ्ट एस्केप करून टास्क मॅनेजरमधून क्रोमला एंड टास्क. परत उघडल्यावर क्रोम विचारेल की मघाची पानं रिस्टोर करू का, त्याला नाही म्हणायचं, नाहीतर बाई परत हजर. आणि एक कायमचं लक्षात ठेव, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की विषय संपला.

तिसरं ते ढालवालं. ते मात्र खरंच इन्स्टॉल झालेलं आहे, त्याला वेगळं काढावं लागेल. आधी पहिली दोन करून बघ, मग सांग काय उरलं.

पंचवटीचा_पक्या:

लिनक्स टाका ना भो, आयुष्यभराची कटकट जाईल 😄

गोदाकाठ:

@पक्या प्रत्येक धाग्यात तेच का रे. काकांचं एक्सेल, बँकेच्या सह्या, सातबाऱ्याचे मराठी फॉन्ट, सगळं नवीन शिकवायला तू येणार का नाशिकरोडला?

स्नेहा, माझ्या मते सरळ क्विक हील टाकून मोकळं व्हा. पुण्याची कंपनी, मराठी माणसाची, सर्व्हिस पण मराठीत बोलून मिळते. आधी असं काहीतरी खरं असतं तर हे खोटं आलंच नसतं.

सातपूर_हार्डवेअर:

वीस वर्षं हेच धंद्यात बघतोय म्हणून लिहितो. क्विक हील खरं आहे, चेन्नईचं के७ पण खरं आहे, त्यात वाद नाही. पण आत चोर बसलेला असताना दाराला नवीन कुलूप लावायचं नसतं, आधी हे काढा मग पैसे खर्च करायचे का ते ठरवा. घरगुती वापराला विंडोजच्या आतलं डिफेंडर पुरतं, विंडोज ८ पासून ते आतच येतं आणि फुकट आहे. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी तर अजिबात नको, एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन मुंगीच्या पायाने चालतं.

ताईंनी विचारलंय ओळखायचं कसं, तर सगळ्यात सोपी खूण. स्टार्टमध्ये जाऊन विंडोज सिक्युरिटी उघडा, त्यात खाली सेटिंग्ज, त्यात मॅनेज प्रोव्हायडर्स. खरं अँटीव्हायरस विंडोजकडे स्वतःची नोंद करतं, त्यामुळे त्याचं नाव तिथे दिसतं. ढालवाल्याचं नाव तिथे नसलं आणि फक्त डिफेंडर दिसत असलं तर हा गडी बिनपरवान्याचा.

दुसरी खूण, नेटची वायर काढा आणि त्याला परत स्कॅन करायला लावा. पाचशे जीबीची डिस्क जर मिनिटाच्या आत "तपासून" झाली आणि आकडा पुन्हा १,२८४ च आला तर ते स्कॅन नाहीच, नुसती सरकणारी पट्टी आहे. मग ते सापडलेले "धोके" उघडून बघा, कुकीज, टेम्प फाइल्स, रजिस्ट्रीतल्या रिकाम्या नोंदी असला भुसा असतो, हे प्रत्येक चालत्या कॉम्प्युटरवर असतंच, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. खरं अँटीव्हायरस फाइलचं नाव, ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि धोका कुठला हे सांगतं, आणि सापडलं की आधी अडवतं, कार्ड नंबर मागत बसत नाही.

आणि वेबसाइट कधीही तुमची हार्ड डिस्क स्कॅन करू शकत नाही. ब्राउजरच्या पानावर सी ड्राइव्ह तपासतोय असं दिसलं की ते चित्र समजा. माझ्याकडे एक जण ॲपलचा लॅपटॉप घेऊन आला होता, त्यावर पण पान म्हणत होतं सी ड्राइव्हमध्ये व्हायरस आहे. ॲपलमध्ये सी ड्राइव्ह नावाची चीजच नसते हो.

स्नेहा_नाशिकरोड:

बापरे, नित्या तू म्हणालास तस्संच. नोटिफिकेशन्सच्या यादीत पंधरा-वीस साइट होत्या, एक सुद्धा पप्पांना आठवत नाही. सगळ्या उडवल्या, लाल डबे बंद. एवढ्यासाठी आम्ही रात्री प्लग काढून झोपत होतो 🙏

मॅनेज प्रोव्हायडर्समध्ये फक्त डिफेंडर आहे, ढालवाल्याचं नाव नाही. नेट काढून स्कॅन केलं, आकडा तोच. पण ते निघत नाहीये. अनइन्स्टॉल केलं तर आधी विचारतं "तुम्ही खरंच असुरक्षित राहणार का", मग अर्ध्या किमतीत देतो म्हणतं, मग एकदाचं गेलं असं वाटतं आणि रीस्टार्ट केलं की परत हजर.

सातपूर_हार्डवेअर:

परत येतंय म्हणजे त्याने कुठेतरी खुंटी ठोकून ठेवलीये. ती शोधायची. हे सगळं करायच्या आधी हिशोबाच्या फाइल्स, सातबारे, फोटो पेनड्राइव्हवर काढून घ्या, फक्त डॉक्युमेंट आणि फोटो, एकही सेटअप फाइल घेऊ नका. घेऊन झालं की पेनड्राइव्ह काढून बाजूला.

मग सेफ मोड. शिफ्टचं बटण दाबून धरायचं आणि धरूनच स्टार्टमधून रीस्टार्ट मारायचं. निळा स्क्रीन येईल, घाबरू नका हा खरा आहे, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग आकड्यांची यादी येते त्यात ४ दाबलं की सेफ मोड, ५ दाबलं की नेटसकट सेफ मोड. तुम्ही ४ घ्या. नवीन विंडोज ११ च्या लॅपटॉपवर इथे कधीकधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) की मागतं, ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये ठेवलेली असते, असेंबल मशीनवर सहसा हा ताप नसतो.

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू होतं त्यामुळे ढालवालं उठत नाही. उठलं नाही की काढता येतं. आता विंडोजचं बटण आणि आर दाबून त्यात एपीपीविझ डॉट सीपीएल (appwiz.cpl) टाइप करा, ती जुनी प्रोग्राम्सची यादी येते, तिला इन्स्टॉल केलेल्या तारखेप्रमाणे लावा. ढालवालं ज्या दिवशी आलं त्याच दिवशी त्याच्यासोबत कोण कोण आलं ते बघा, हे लोक एकटे येत नाहीत, ड्रायव्हर अपडेटर, पीडीएफ कन्व्हर्टर, कूपन दाखवणारं, असली वरात असते. सगळी वरात काढा. मग टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा टॅब, तिथे न ओळखीचं ते डिसेबल. मग नॉर्मल रीस्टार्ट, पण नेट बंदच ठेवून, कारण टास्क शेड्युलर सेफ मोडमध्ये चालत नाही, स्टार्टमध्ये ते नाव टाइप केलं की सापडतं, त्यातली टास्क शेड्युलर लायब्ररी. तुमची खुंटी बहुतेक इथेच असणार. दर लॉगइनला किंवा दर तासाला ढालवाल्याच्या फोल्डरमधली एखादी फाइल चालवा असं काम लावलेलं असतं, अनइन्स्टॉलर ते मुद्दाम मागे ठेवतो. ते डिलीट. पण मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरमधल्या कामांना हात लावू नका.

एवढं झालं की नेट चालू, आणि मालवेअरबाइट्सवाल्यांचं ॲडक्लीनर उतरवा, फुकट आहे, इन्स्टॉल पण करावं लागत नाही. पण उतरवायचं ते त्यांच्याच साइटवरून, गुगलवर शोधून पहिलं दिसेल ते क्लिक करू नका, वर जाहिराती असतात आणि त्यातच असली ढालवाली लोकं बसलेली असतात. फाइल चालवायच्या आधी राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, तिथे कंपनीचं नाव बघायची सवय लावा.

शेवटी डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, त्यात सगळ्यात खाली. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज उठायच्या आधीच तपासतं, साधारण पंधरा मिनिटं लागतात, तोवर चहा. चालू विंडोजमध्ये जे लपून बसतं ते इथे सापडतं. आणि ॲप अँड ब्राउजर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन म्हणून आहे, त्यात नको असलेली ॲप्स अडवायचा स्विच ऑन करून ठेवा, पुढच्या वेळी असली वरात दारातच अडेल.

गंगापूररोडचा_नित्या:

भारी लिहिलंय हो. यात एकच भर, क्रोमची एक्स्टेंशन्स पण बघ, आणि क्रोमच्या सेटिंग्जमध्ये रीसेटचा पर्याय आहे तो मार, बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कमध्ये प्रॉक्सी बघ, तिथे काहीतरी पत्ता भरलेला असेल तर काढ. कधीकधी ही मंडळी होस्ट्स फाइलमध्ये खऱ्या अँटीव्हायरसच्या साइट्सचे पत्ते अडवून ठेवतात, म्हणजे तू उतरवायला जाशील आणि साइट उघडणारच नाही. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टीम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, तिथे असते, नोटपॅडमध्ये उघडते. साध्या मशीनवर त्यातल्या सगळ्या ओळी हॅशने (#) सुरू होतात.

जुनी आठवण, २००८-०९ ला अँटीव्हायरस एक्सपी २००८, मग अँटीव्हायरस २००९ अशी नावं असायची, ते आलं की कुठलीच एक्झी (प्रोग्रामची फाइल) चालू द्यायचे नाहीत, टास्क मॅनेजर पण उघडायचा नाही. मग आम्ही खऱ्या टूलचं नाव बदलून आयएक्स्प्लोर, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररच्या फाइलचं नाव, ठेवायचो की ते फसायचं. त्या काळातल्या एका टोळीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये केस टाकली होती, इनोव्हेटिव्ह मार्केटिंग नाव, विनफिक्सर, एररसेफ, एक्सपी अँटीव्हायरस असली नावं बदलून बदलून दहा लाखाहून जास्त लोकांना विकलं होतं, २०१२ मध्ये १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल लागला. धंदा तोच आहे, फक्त आता कार्डासोबत फोन पण करायला लावतात.

स्नेहा_नाशिकरोड:

करत होते तुम्ही सांगितलं तसं, तर तारखेप्रमाणे यादी लावल्यावर त्याच दिवशी एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) पण आलेलं दिसलं. मी पप्पांना विचारलं हे कोणी टाकलं. आधी म्हणाले माहीत नाही. मग आई म्हणाली अहो तो हिंदी बोलणारा मुलगा होता ना फोनवर. मग सगळं बाहेर आलं. निळ्या स्क्रीनवरच्या नंबरवर फोन केला होता, त्याने एनीडेस्क टाकायला लावलं, नऊ आकडी नंबर विचारून घेतला, मग माउस आपोआप फिरत होता. काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करून त्याने एक लांबच लांब नंबर दाखवला, म्हणे हा बघा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर, आमच्याकडे पण हाच आहे म्हणजे आम्ही कंपनीचेच. आणि लाल फुल्यांची यादी दाखवली, म्हणे हे सगळे व्हायरस. मगच पप्पांनी पैसे भरले.

आता काय करू? त्याच मशीनवरून नेटबँकिंग करतात ते.

बँकवाली_मावशी (मखमलाबाद):

स्नेहा, आधी नेटची वायर काढ. बाकी सफाई उद्या केली तरी चालेल, बँकेचं आत्ता.

बाबांच्या मोबाईलवरून, त्या कॉम्प्युटरवरून नाही, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्ड ब्लॉक कर. ॲप नसेल तर कार्डाच्या मागे नंबर असतो. गुगलवर बँकेचा कस्टमर केअर शोधू नकोस, तिथे पण खोटे नंबर असतात. नेटबँकिंगचा पासवर्ड बदल, ईमेलचा पण बदल, कारण ईमेल हातात असला की बाकीचे पासवर्ड रीसेट होतात. एफडी ऑनलाइन मोडता येते, तेव्हा एफड्या जागेवर आहेत का तेवढं डोळ्याखालून घाल.

मग १९३० ला फोन लाव. सायबर फसवणुकीची देशभराची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कराल तितकं बरं कारण पैसे पुढच्या खात्यात असतील तर थांबवता येतात. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाक, तिचा नंबर जपून ठेव, आणि मग बँकेच्या ब्रांचमध्ये लेखी अर्ज दे, पोच घे. नाशिक शहराचं सायबर पोलीस स्टेशन पण आहे, पण आधी १९३०.

खरं सांगते, ओटीपी स्वतः टाकलेला असला की बँक आधी हात वर करते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं, त्यात ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे गेलं तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण एकदा कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून तर घाई करायची आणि कळवल्याची वेळ लेखी ठेवायची. २,४९९ चं कार्डाचं डिस्प्यूट टाक, सेवा खोटी सांगून विकली म्हणून. मिळतीलच असं नाही सांगत, पण टाक.

आणि हे बहुतेक कोणी बघत नाही, ते पैसे एकदाचे होते की दर महिन्याचे? कार्डावर ई-मँडेट, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप पैसे कापायची मंजुरी, लावून घेतात. एकदा मंजुरी दिली की पुढचे १५,००० पर्यंतचे हप्ते ओटीपी न मागता जातात, फक्त कापायच्या चोवीस तास आधी मेसेज येतो आणि तो मेसेज आपण जाहिरात समजून सोडून देतो. बँकेच्या साइटवर मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शनमध्ये जाऊन रद्द कर. कार्ड बदललं म्हणजे मँडेट मेलं असं धरून चालू नकोस, डोळ्यांनी बघ.

बाबांना रागावू नकोस ग. आमच्या काउंटरला इंजिनिअर लोक पण येतात असंच करून, आणि घरी ओरडा पडतो म्हणून आठ-आठ दिवस लपवतात, तोवर खातं रिकामं.

सातपूर_हार्डवेअर:

मावशींनी सांगितलेलं आधी करा. मग मशीनचं.

एनीडेस्क हे सॉफ्टवेअर म्हणून खरं आहे, आम्ही पण गिऱ्हाइकाचं काम घरबसल्या करायला वापरतो, चावी कोणाच्या हातात दिली एवढाच प्रश्न. ते काढायच्या आधी एक काम करा. सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रामडेटा नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात एनीडेस्कचं फोल्डर, त्यात कनेक्शन ट्रेस नावाची टेक्स्ट फाइल. कोण कधी जोडला गेला याची तारीख-वेळ त्यात असते. तिथे नसेल तर युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये बघा. ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या, तक्रारीला जोडायला कामाला येते. तारखा नीट बघा, पप्पांनी फोन केला त्या दिवसानंतरच्या पण वेळा असतील तर त्याने कायमचा पासवर्ड लावून ठेवला होता आणि परत येऊन गेलाय. मग एनीडेस्क काढा आणि यादीत अल्ट्राव्ह्यूअर, टीमव्ह्यूअर, स्क्रीनकनेक्ट असं काही आहे का बघा, एक दार पकडलं गेलं तर दुसरं असावं म्हणून दोन-दोन टाकतात.

आता इथे माझं मत बदललं. नुसतं ढालवालं असतं तर फॉरमॅटची गरजच नव्हती. पण अनोळखी माणूस मशीनवर हात फिरवून गेलाय आणि त्याच मशीनवर बँक चालते, तर फाइल्स काढून झाल्या की विंडोज नव्याने टाकलेलंच बरं. दुकानदाराला देऊ नका, सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत रीसेट धिस पीसी आहे, रिमूव्ह एव्हरीथिंग घ्या, आणि विचारलं तर क्लाउड डाउनलोड निवडा, म्हणजे विंडोज ताजं मायक्रोसॉफ्टकडून उतरतं. त्यात सी ड्राइव्हवरचं सगळं जातं म्हणून बॅकअप दोन ठिकाणी घ्या आणि फाइल्स दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, मगच बटण दाबा.

गंगापूररोडचा_नित्या:

तो "लायसन्स नंबर" ८८८डीसीए६० ने सुरू होत होता का? धाग्यावर ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांनी आत्ता करून बघा, सीएमडी (तीच काळी खिडकी) उघडा, असॉक (assoc) टाइप करून एंटर मारा, यादीच्या शेवटी झेडएफसेंडटूटार्गेट समोर तोच नंबर दिसेल. माझ्याकडे तोच, तुमच्याकडे तोच, जगात सगळीकडे तोच, झिप फोल्डरच्या एका सुविधेचा आतला क्रमांक आहे तो. आणि लाल फुल्यांची यादी म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, तिथे नव्याकोऱ्या मशीनवर पण फुल्या असतात, प्रिंटर सापडला नाही, एखादी सर्व्हिस उशिरा चालू झाली, असल्या.

पंचवटीचा_पक्या:

आयला खरंच तोच नंबर आला की ऑफिसच्या मशीनवर 😳

गोदाकाठ:

मला एक विचारायचंय, दुकानात फुकट चेकअप करून देतात आणि मग म्हणतात व्हायरस निघाले, ते पण असंच का? सगळे सारखे नसतील, पण सामान्य माणसाला कसं कळणार.

गंगापूररोडचा_नित्या:

सगळे नाहीत, पण मोठ्या कंपन्या पण सापडल्यात. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची दुकानांची साखळी आहे, ती आणि सपोर्ट डॉट कॉम यांनी २०१९ मध्ये मिळून साडेतीन कोटी डॉलर भरले. त्यांचं फुकट पीसी हेल्थ चेक होतं, सुरुवातीला चार प्रश्न विचारायचे, मशीन स्लो आहे का, पॉपअप येतात का वगैरे. चारपैकी एकाला जरी हो म्हटलं की शेवटी मालवेअरची लक्षणं सापडली असं दाखवायचं. स्कॅनचा त्याच्याशी काही संबंध नाही, तुमच्या उत्तरावर ठरायचं. तेव्हा दुकानात एवढंच विचार, काय सापडलं त्याचं नाव आणि फाइल दाखवा. स्क्रीनवर दाखवता आलं तर पुढे बोल.

सातपूर_हार्डवेअर:

बरोबर. आणि ताई, विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे "तुमचं विंडोज एक्सपायर झालं" असल्या खोट्या मेसेजचं आता पेव फुटलंय, कारण त्यात अर्धं खरं आहे ना. विंडोज बंद पडत नाही. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटला नाव नोंदवायची सोय आहे, त्याने ऑक्टोबर २०२६ पर्यंत भागतं, पुढे मशीन ११ ला चालत असेल तर ११, नाहीतर नवीन.

अजून एक नवीन फंडा आलाय, मी रोबोट नाही म्हणत विंडोज आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर असं सांगतात. त्या साइटने गुपचूप कमांड कॉपी करून ठेवलेली असते, तुम्ही स्वतःच्या हाताने ती चालवता. असं सांगणारी साइट दिसली की ब्राउजर बंद. पप्पांना दाखवून ठेवा.

स्नेहा_नाशिकरोड:

अपडेट देते. कार्ड ब्लॉक, पासवर्ड बदलले, १९३० ला दुसऱ्या वेळी लागला, तक्रार झाली. मावशी, मँडेट खरंच होतं!! दर वर्षी २,४९९, रद्द केलं. एफड्या आहेत सगळ्या. ट्रेसच्या फाइलमध्ये फोनच्या दिवसाची एक वेळ आहे आणि त्यानंतर रात्रीची एक, तेव्हा पप्पा झोपलेले होते, त्या रात्री मशीन चालूच राहिलं होतं. त्यामुळे रीसेटच मारतेय, बॅकअप माझ्या लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे एक्सेल उघडून बघितलं, उघडतंय. ब्रांचला उद्या पप्पा स्वतः जाणारेत, म्हणाले अर्ज मी लिहितो, तू फक्त ती ट्रेसची फाइल प्रिंट करून दे.

एक राहिलं, आईच्या मोबाईलवर पण क्रोममधून "फोनमध्ये १७ व्हायरस" असं येतं. ते पण तेच का?

गंगापूररोडचा_नित्या:

तेच. आलेल्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धर, कुठल्या साइटचं आहे ते दिसेल, तिथूनच बंद करता येतं, नाहीतर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स. फक्त त्याच्यासोबत क्लीनर, बूस्टर असलं एखादं ॲप पण आलंय का बघ, आणि ते काढताना निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस ॲडमिन ॲप्स शोध, तिथे त्याचा टिक काढल्याशिवाय अनइन्स्टॉल होत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्टचं स्कॅन मार एकदा. आणि रीसेट झाल्यावर पप्पांना रोजच्या वापराला ॲडमिन नसलेलं वेगळं युजर अकाउंट काढून दे, पासवर्ड तुझ्याकडे ठेव, काही इन्स्टॉल करायचं झालं तर तुला फोन येईल.